शून्यलब्धी : रत्नागिरीच्या गणितपरंपरेतील एक न लिहिलेले पुस्तक

कॅल्क्युलसला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला आज एकच एक उत्तर नाही. मराठी विश्वकोशाने 'अवकलन' आणि 'समाकलन' हे शब्द स्वीकारले. काही शिक्षक व पुस्तके 'विकलन' आणि 'संकलन' म्हणतात. काशीच्या सुधाकर द्विवेदींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदीसाठी 'चलन-कलन' असा नादमधुर शब्द घडवला होता. महाविद्यालयात शिकणारा आणि शिकवणारा मात्र सरळ 'कॅल्क्युलस' म्हणतो आणि पुढे जातो. या सगळ्यांच्या आधी मराठीत एक शब्द होता, तो आता कोणाच्याच तोंडी नाही: शून्यलब्धी.

हा शब्द बाळशास्त्री जांभेकरांच्या पुस्तकाच्या नावात येतो. 'दर्पण'कार म्हणून बाळशास्त्री सर्वांना ठाऊक आहेत. ६ जानेवारी १८३२ ही तारीख शाळकरी मुलेही सांगतात. डिफरन्शियल कॅल्क्युलसवर मराठीत पहिले पुस्तक त्यांनी लिहिले, हे त्यांच्या चरित्राच्या तळटीपेत उरले आहे. पोंभुर्ले हे त्यांचे गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते सिंधुदुर्गातील देवगड तालुक्यात मोडते. १८३४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. १८४६ मध्ये ते वारले, तेव्हा वय अवघे चौतीस. एवढ्या अवधीत व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा आणि वृत्तपत्र सांभाळून या माणसाला कॅल्क्युलसही मराठीत आणावेसे वाटले.

शब्द जरा उलगडून पाहू. जुन्या गणितात 'लब्धी' म्हणजे भागाकार करून जे हाती येते ते. शून्यलब्धी म्हणजे शून्यांच्या भागाकारातून हाती येणारे. ऐकताना हे विपरीत वाटते, कारण शून्याला शून्याने भागू नये हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. पण कॅल्क्युलसचे मर्म नेमके या विपरीत जागीच आहे.

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर भरतीचे पाणी चढते आहे असे समजा. ओहोटी संपल्यापासून जितके तास लोटले, त्या संख्येच्या वर्गाइतक्या वितींनी पाणी चढते, असेही उदाहरणापुरते मानू. दोन तासांनी पाणी चार वीत चढलेले असेल, तीन तासांनी नऊ. म्हणजे या एका तासात ते सरासरी ताशी पाच वीत या वेगाने चढले. पण आपल्याला तासाभराची सरासरी नको आहे. बरोबर दोन तास झाले त्या क्षणी पाणी कोणत्या वेगाने चढत होते, ते हवे आहे. मग अवधी लहान करू. पुढच्या दशांश तासाची सरासरी काढली तर ती ४.१ येते. शतांश तासाची काढली तर ४.०१. अवधी जितका लहान, तितके उत्तर चाराच्या जवळ. आता अवधी शून्य करा: चढलेले पाणी शून्य, लोटलेला वेळ शून्य, आणि त्यांची लब्धी? पायरीपायरीने आलेल्या माणसाला चार हा आकडा स्वच्छ दिसत असतो, पण शेवटची पायरी तर्काने ओलांडता येत नाही. न्यूटन आणि लायब्निट्स यांच्यानंतरची दीडशे वर्षे युरोपातले गणिती याच पायरीपाशी घोटाळत होते. बिशप बर्कलीने १७३४ साली या शास्त्राची जी टर उडवली, ती याच शून्यांवरून. ऑयलरने तर १७५५ सालच्या आपल्या ग्रंथात ही सूक्ष्म अंतरे म्हणजे शून्येच होत, मात्र त्यांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर निश्चित असू शकते, अशी धीट भूमिका घेतली. कोशीने १८२१ साली 'सीमा' या कल्पनेवर सगळ्याची पुनर्रचना केली आणि ही शून्ये हळूहळू पाठ्यपुस्तकांतून हद्दपार झाली.

'शून्यलब्धी' हा शब्द ऑयलरच्या दृष्टीशी किती जुळतो, ते लक्षात घ्यावे. मला तो शब्द फार आवडतो. 'अवकलन' हा शब्द काटेकोर आहे, पण तो ऐकून नवख्या विद्यार्थ्याच्या मनात काहीच उमटत नाही. शून्यलब्धी ऐकताच निदान अडचण कोठे आहे ते कळते.

काळाचा हिशेब मांडला तर आणखी एक गोष्ट दिसते. केंब्रिजमध्ये न्यूटनची टिंबांची जुनी लेखनपद्धती सोडून लायब्निट्सची पद्धती आणावी म्हणून बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तरुण मंडळींनी १८१२ साली एक सभा काढली, आणि १८१६ साली लाक्र्वा या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. म्हणजे खुद्द इंग्लंडमध्ये आधुनिक कॅल्क्युलसचे अध्यापन रुळू लागून वीस-पंचवीस वर्षे होतात न होतात तोच ते मुंबईत मराठीत लिहिले जात होते. ही पिछाडी फार मोठी म्हणता येणार नाही.

बाळशास्त्री एकटे नव्हते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी अभियंता १८२० च्या दशकापासून मुंबईत गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत उतरवून घेत होता. सर्वेक्षक, कारकून आणि बांधकामावरचे देखरेखनीस तयार करायचे होते, आणि त्यांना त्रिकोणमिती मराठीतून आली तर लवकर येईल, असा त्यामागे रोकडा हिशेब होता. परोपकाराचा वास आला की इतिहासकाराने नाक जरा सावधपणे वापरावे, पण फळ मिळाले ते मिळालेच. याच जर्व्हिसने पुढे १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये सर अर्स्किन पेरी या अध्यक्षाशी भाषेच्या प्रश्नावर वाद घातला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असे पेरीचे म्हणणे. लोकांना ज्ञान द्यायचे तर ते लोकभाषेतूनच द्यावे लागेल, असे जर्व्हिसचे म्हणणे. आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा हे बोर्डाचे तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिसच्या बाजूचे. वाद कागदावर अनिर्णित राहिला, व्यवहारात पेरी जिंकला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा परीक्षेची भाषा कोणती, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारण्याजोगा उरला नव्हता. शून्यलब्धीचे पुस्तक ज्या विद्यार्थ्यासाठी लिहिले होते, तो विद्यार्थीच त्या दिवशी नाहीसा झाला.

येथे एक विषयांतर करतो. एल्फिन्स्टन संस्थेत हे सारे चालू होते त्याच सुमारास, १८३० च्या दशकाच्या मध्याला, चार्ल्स व्हिश या कंपनीच्या नोकराचा एक निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. मलबारातल्या काही ग्रंथांत वर्तुळाचा परीघ आणि ज्या काढण्यासाठी अनंत श्रेढी दिल्या आहेत, असे त्याने दाखवून दिले होते. त्यांतला 'युक्तिभाषा' हा ज्येष्ठदेवाचा सोळाव्या शतकातला ग्रंथ तर मल्याळममध्ये आहे. नुसती सूत्रे नव्हे, उपपत्तीसह, आणि तीही लोकभाषेत. त्या निबंधाकडे पुढे शतकभर कोणी फारसे पाहिले नाही. १८५८ साली काशीच्या बापूदेव शास्त्री या मराठी पंडितांनी भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलसचे तत्त्व ठाऊक होते, असा दावा बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केला, आणि स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने त्याचा समाचार घेतला. 'सिद्धान्तशिरोमणी'त चंद्राची 'तात्कालिकी गती' आहे, आणि ज्येचा क्षणिक बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हेही आहे. पण त्यावरून भास्कराचार्यांनी कॅल्क्युलस शोधला म्हणणे म्हणजे वडाचे बी हाती धरून सावलीत बसल्याचा आव आणणे. तरीही हे बी आपल्या भाषेच्या शेतात पडले होते, एवढे खरे. 'तात्कालिकी गती' हा शब्द १८३० च्या पंडिताला परका वाटला नसता. आजच्या विद्यार्थ्याला 'इन्स्टंटेनियस रेट ऑफ चेंज' पाठ करावे लागते.

असो. विद्यापीठ आले, आणि त्याबरोबर टॉडहंटर आला. आयझॅक टॉडहंटर हा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा १८४८ चा सीनियर रँग्लर. त्याची डिफरन्शियल कॅल्क्युलस आणि इंटिग्रल कॅल्क्युलसवरची १८५० च्या दशकातली पुस्तके हिंदुस्थानातल्या कॉलेजांत दोन पिढ्यांनी झिजवली. क्रमशः अवकलन, अनिश्चित रूपे, महत्तम-लघुतम, स्पर्शरेषा, अनंतस्पर्शिका, वक्रता, वक्रलेखन: हा त्याचा प्रकरणक्रम. मुंबई विद्यापीठाच्या पदवीला कॅल्क्युलस घेतलेल्या कोणालाही, अगदी विसाव्या शतकाच्या शेवटी घेतलेल्यालाही, ही यादी ओळखीची वाटेल. लेखक बदलले, टॉडहंटरच्या जागी एडवर्ड्स आणि पुढे शांती नारायण आले, पण वाट तीच राहिली.

ही वाट मराठी मुलुखात रुजवली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना अष्टागरातल्या नागावचे. लहान वयात ते कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार या प्राध्यापकाच्या हाताखाली लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती; त्यांच्या उमेदीत विद्यापीठच नव्हते. तरीही पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्यात दोन्ही युगे एकत्र नांदत होती. वर्गात ते इंग्रजी पुस्तके शिकवत, आणि १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मात्र त्यांनी मराठीत काढली. पटवर्धनी पंचांग त्याच कामातून निघाले. त्यांच्यानंतर हे दोन प्रवाह वेगळे झाले ते झालेच.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी रत्नागिरीत जन्मलेला. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शाळाशिक्षक, गणित आणि संस्कृत दोन्हींत गती असलेले. १८६६ साली त्यांची पुण्यास बदली झाली आणि बिऱ्हाड घाटावर गेले. डेक्कन कॉलेजात टिळकांनी गणित घेतले, १८७७ साली ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले, एम. ए. मात्र पदरात पडले नाही आणि त्यांनी कायद्याची पदवी घेतली. न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांनी गणित शिकवले. उदाहरणे फळ्यावर न मांडता ते तोंडीच सोडवीत, अशी त्यांच्या विद्यार्थ्यांची आठवण सांगितली जाते. तीक्ष्ण गणिती बहुधा असाच वाईट शिक्षक असतो. त्याला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत.

१८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्यामागचे भांडण प्रसिद्ध आहे, त्यात शिरत नाही. आपल्याला एवढेच पाहायचे की त्यांच्या गणिताच्या खुर्चीवर नंतर कोण बसले. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म कोतळूक, तालुका गुहागर: इंग्रजी आणि इतिहासाबरोबर त्यांनीही काही काळ गणित शिकवले आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक देशभर चालले. त्यांनी आपल्या एल्फिन्स्टनमधल्या सहाध्यायाला बोलावून घेतले, ते धोंडो केशव कर्वे. मूळचे मुरूडचे, तालुका दापोली. सहावीची परीक्षा देण्यासाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगरवाटांनी चालत गेलेला आणि 'वय कमी दिसते' म्हणून परत पाठवला गेलेला हाच तो मुलगा. १८९१ ते १९१४ कर्व्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले. विधवाविवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ हे सगळे त्यांनी गणिताच्या तासांच्या आधी आणि नंतर केले, ही गोष्ट आपण विसरतो. आणि त्यांच्या वर्गातून त्यांच्याच नात्यातला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तयार झाला, मुर्डीचा. पुन्हा दापोली तालुका. १८९९ साली परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, जॉर्ज बर्टविसल याच्याबरोबरीने. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. टॉडहंटरच्याच सेंट जॉन्स कॉलेजात. १९०२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य.

एकाच जिल्ह्यातून, एकाच कॉलेजात, एकाच विषयाला लागोपाठ चार माणसे. याचा अभिमान कोकणात पुष्कळदा बोलून दाखवला जातो, आणि बहुधा तो 'कोकणी बुद्धी'च्या नावाने. ही चारही माणसे एका जातीची होती, हे त्या वेळी सोयीस्करपणे गाळले जाते. १८९० च्या दशकात, परांजपे केंब्रिजची तयारी करत होते तेव्हा, त्याच दापोलीत अस्पृश्य मानलेल्या निवृत्त सैनिकांना आपली मुले नगरपालिकेच्या शाळेत बसू द्यावीत म्हणून सरकारकडे अर्ज करावे लागत होते. कोणाला कॅल्क्युलसपर्यंत पोचता येणार, हे मेंदूच्या आधी शाळेचा उंबरठा ठरवत होता. परंपरा म्हणायचे तर उंबरठ्यासकट म्हणावे.

रँग्लरपणाबद्दलही भाबडेपणा नको. ट्रायपॉस परीक्षा म्हणजे ठराविक वेळात अवघड गणिते झपाट्याने सोडवण्याची शर्यत होती. स्वतः १८९८ चा चौथा रँग्लर असलेल्या जी. एच. हार्डीने तिच्यावर कडाडून टीका केली आणि १९०९ नंतर रँग्लरांचा गुणानुक्रम जाहीर करणे बंद झाले. त्याच हार्डीचे १९०८ चे पुस्तक इंग्रजी कॅल्क्युलसला युरोपीय काटेकोरपणा शिकवणारे ठरले. परांजप्यांची पिढी या वळणाच्या अलीकडची. त्यांनी मोठे संशोधन केले नाही. प्राचार्यपद, कायदेमंडळ, मंत्रिपद यांत त्यांचे आयुष्य गेले. मराठी समाजाने मात्र 'रँग्लर' हे बिरुद त्यांच्या नावाला असे चिकटवले की ते पुढे आडनावासारखेच झाले.

आता मुद्द्याकडे येतो. या मंडळींनी मराठीत काय लिहिले? टिळकांनी 'केसरी'चे अग्रलेख लिहिले आणि 'गीतारहस्य' लिहिले. कर्व्यांनी १९१५ साली 'आत्मवृत्त' लिहिले, मराठीतल्या सर्वांत निगर्वी आत्मचरित्रांपैकी एक. त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म मुरूडचा, १८९९ च्या मॅट्रिकला पहिले. तेही गणिताचे प्राध्यापक. उच्च गणितासाठी ते १९१९ मध्ये पॅरिसला गेले. संततिनियमनाचा प्रचार सोडण्याऐवजी १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्या विषयांना मराठीत धड शब्दही नव्हते, त्यांवर त्यांनी गणिती शिस्तीच्या कोरड्या, पारदर्शक मराठीत लिहिले. रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला हिने १९२९ साली केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस दिली, आणि पुढे मराठीत ललित लेखन केले, संततिनियमनाच्या कामात र. धों. कर्व्यांना साथ दिली.

म्हणजे वेदान्त, राजकारण, आत्मचरित्र, लैंगिक आरोग्य: सगळे मराठीत. जो विषय ते रोज शिकवत, तोच तेवढा मराठीत नाही. टिळक, गोखले, दोन्ही कर्वे, परांजपे यांपैकी एकानेही मराठीत कॅल्क्युलसचे पुस्तक लिहिले नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्याच जिल्ह्यातल्या एकाने लिहून ठेवले होते तरीही.

याचे कारण 'मराठीत ती क्षमता नव्हती' हे नव्हे. त्याला उत्तम पुरावा पुन्हा मुरूडचाच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली मुरूडला जन्मले. मॅट्रिकच्या पुढे ते गेले नाहीत. शिक्षक म्हणून नोकरी केली. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ आजही त्या विषयातला आधारग्रंथ आहे, आणि तो मराठीत आहे. अयनचलन, ग्रहगती, सिद्धान्तांची भगणसंख्या हे सारे तेथे स्वच्छ मराठी गद्यात मांडलेले आहे. या ग्रंथाला विद्यापीठाच्या परीक्षार्थ्याची गरज नव्हती. त्याचा वाचक पंचांगकर्ता, पंडित, जिज्ञासू गृहस्थ असा बाहेर होता. कॅल्क्युलसला असा बाहेरचा वाचक नव्हता. त्याचा वाचक फक्त परीक्षार्थी, आणि परीक्षार्थ्याला उत्तर इंग्रजीत लिहायचे. जो विद्यापीठात शिरला त्याला गणित मराठीत लिहिण्याचे कारण उरले नाही, आणि जो बाहेर राहिला त्याने मराठीत लिहिले. प्रतिभेचा किंवा भाषाभिमानाचा हा प्रश्नच नव्हता. टिळकांना भाषाभिमान कोणी शिकवावा?

टिळकांच्या मनात मात्र ते पुस्तक होते. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते. (त्याच वर्षांत मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. ब्रिटिशांनी एकाच्या गावी दुसऱ्याला ठेवले होते. इतिहासाला असा विनोद क्वचितच साधतो.) तेथे टिळकांनी लिहावयाच्या ग्रंथांची एक यादी केली होती. हिंदू धर्माचा इतिहास, शंकराचार्यांचे दर्शन, शिवाजी महाराजांचे चरित्र, खाल्डिया आणि भारत, गीतेवरचा ग्रंथ. आणि याच रांगेत सूक्ष्मकलनाच्या मूलतत्त्वांवरचा एक ग्रंथ. स्वराज्य मिळाल्यावर आपण कोणते खाते घ्याल असे कोणी विचारले असता, खाते कसले, मी गणिताचा प्राध्यापक होईन आणि डिफरन्शियल कॅल्क्युलसवर पुस्तक लिहीन, असे ते म्हणाल्याची आख्यायिकाही आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, यादीशी ती सुसंगत आहे. यादीतले मोठे म्हणावे असे एकच पुस्तक हातून झाले, १९१० च्या हिवाळ्यात सुरू करून चारएक महिन्यांत पेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य'.

यादीतला शब्द 'मूलतत्त्वे' असा आहे, याकडे मला लक्ष वेधावेसे वाटते. टिळकांना टॉडहंटरसारखे उदाहरणांचे पुस्तक लिहायचे नव्हते. शून्याला शून्याने भागताना नेमके काय घडते, ही तत्त्वाची अडचण त्यांना सतावत असावी, असा माझा तर्क आहे. ज्याने कर्म आणि अकर्म यांच्या सीमेवर शेकडो पाने लिहिली, त्याला 'आहे' आणि 'नाही' यांच्या सीमेवरच्या या राशीचे आकर्षण वाटले नसते तरच नवल. तो ग्रंथ मराठीत झाला असता की इंग्रजीत? 'ओरायन' आणि 'आर्क्टिक होम' इंग्रजीत आहेत, 'गीतारहस्य' मराठीत. विद्वानांना पटवायचे असेल तर इंग्रजी, आपल्या लोकांशी बोलायचे असेल तर मराठी, असा त्यांचा ढोबळ नियम दिसतो. त्या नियमाने कॅल्क्युलसचे पुस्तक बहुधा इंग्रजीतच झाले असते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५ साली, खुद्द रत्नागिरीत कॉलेज निघाले. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. तोवर कॅल्क्युलस शिकायचा तर बोटीने मुंबई किंवा घाट चढून कोल्हापूर-पुणे. आता तो गावात आला, पण इंग्रजीतच आला. १९७० च्या आसपास विद्यापीठीय पुस्तके मराठीत आणण्यासाठी ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले. कला आणि वाणिज्य शाखांनी मराठी माध्यम बऱ्यापैकी स्वीकारले. विज्ञान शाखेने नाही. शाळांतही पुढे सेमी-इंग्रजी आल्यावर गणितातले मराठी शब्द खालच्या वर्गांतूनच मागे सरू लागले. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात कॅल्क्युलस असतोच. तेव्हा त्यासाठी मराठी शब्दांची पुन्हा शोधाशोध झाली.

कोकणातल्या कुठल्याही कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाचा तास ऐकला तर दोन भाषा एकदम चाललेल्या ऐकू येतात. फळ्यावर एप्सिलॉन आणि डेल्टा इंग्रजीत उतरत असतात. बाक भरून बसलेली मुले मंडणगड, लांजा, राजापूरकडून आलेली, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. शिक्षक व्याख्या इंग्रजीत वाचतो, वर्ग गप्प असतो. मग तो खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, "हे बघा, आपण शून्याच्या जवळ जवळ जायचं, पण शून्यावर बसायचं नाही." दोन-चार माना हलतात. हे वाक्य वहीत कोणी उतरवून घेत नाही, कारण परीक्षेत ते लिहायचे नसते.